मुठीमुठीचं वसतिगृह

मार्थाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या तांदूळ चोरत होत्या. तेही स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पातेल्यातले. आम्ही भोपाळला नुकतेच आलो होतो. कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं होतं, सामान अजून अर्धं खोक्यांतच होतं, आणि मी विरजण मागायला म्हणून मागच्या दारानं शेजारी गेले होते. बाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी तांदूळ मोजून पातेल्यात घेतले, धुवायला नळाखाली नेले, तेवढ्यात काहीतरी आठवल्यासारखं करून एक मूठ परत काढली आणि ओट्याखालच्या डब्यात टाकून झाकण दाबून लावलं. मग माझ्याकडे लक्ष गेलं.

"ये ना माय. काय पायजे?"

विरजण राहिलं बाजूला. माझ्या तोंडून निघून गेलं, "ते तांदूळ परत का काढलेत?"

"एवढं आपलं नव्हतंच," त्या म्हणाल्या, आणि विरजणासाठी वाटी शोधू लागल्या.

पुढे वर्षानुवर्षं मी हे पाहत आले. पाहुणे असोत की बाई एकट्या असोत, महिनाअखेर असो की सणवार, तांदूळ पातेल्यात पडले की एक मूठ परत निघायची. त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांची ती जुनी रीत होती. रविवारी प्रत्येकीनं आपापला डबा उपासनेला न्यायचा, सगळ्यांचे तांदूळ एका पोत्यात ओतायचे, आणि त्या पोत्यावर मिशनच्या वसतिगृहातल्या पोरी जेवायच्या. त्या स्वतःही त्याच पोत्यावर वाढल्या होत्या. "देव मूठ पाहाते, पोतं नाही पाहात," असं त्यांचं एक वाक्य होतं. वसाहतीच्या मंडळाचे सेक्रेटरी वर्गणीला आले की हेच वाक्य ऐकवून त्या त्यांना अगदी थोडक्यात बोळवत, ही गोष्ट वेगळी.

मार्थाबाई वानखेडे सौंसरच्या बाजूच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. सगळी वसाहत त्यांना सिस्टर म्हणायची, मी मात्र मार्थाबाईच म्हणत आले. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ, आणि चालणं असं की सोबतच्या माणसानं धापा टाकाव्यात. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "वेळ कुठी मिळाला वं? विचारलं होतं एकानं. मी ड्यूटीवर होती." त्यांची मराठी आमच्या पुण्याच्या सासूबाईंना सुरुवातीला अर्धीच कळायची. पण सासूबाईंच्या पाठीला करट झालं आणि मार्थाबाई रोज ड्यूटीवरून परतताना ड्रेसिंग करायला येऊ लागल्या, तेव्हा उरलेली अर्धीही कळायला लागली.

आमच्या ह्यांनी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही कॅथलिक का?"

"नाही भाऊ, लुथरन. आमच्यात पोप नाही, गाणं हाय."

ते गाणं आम्ही लवकरच ऐकलं. रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत उपासना असे. कारखान्यानं देशभरातून माणसं गोळा केली होती, त्यात रांचीकडचे लुथरन होते, आंध्रातले होते, तमिळ होते, आणि मार्थाबाईंसारखे सातपुड्यातले. भाषा चार, पण चाली एकच. मग सगळे एकच चाल धरून आपापल्या भाषेत एकदम गायचे. शब्द कुणाचेच कुणाला कळत नसत. ऐकताना मात्र सगळं एक वाटे. सासूबाई अंगणात तुळशीला पाणी घालता घालता थांबून ऐकत आणि म्हणत, "सुरात आहेत हो."

त्यांची मंडळी तशी अगदी लहान. "आमचे सारे जमवले ना, तं तुमच्या कारखान्याच्या एका शिफ्टमधी बसतीन," त्या म्हणायच्या. परदेशी मिशनरी होते तेव्हा त्यांनी डोंगरात दवाखाना, शाळा, महारोग्यांसाठी घर, मुलींचं वसतिगृह उभं केलं. मग ते आपापल्या देशी परत गेले आणि सगळं इथल्या माणसांच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं हा माझा शब्द. मार्थाबाई म्हणत, "हातात आलं."

त्यात एक अडचण मात्र त्यांना सारखी टोचायची. डोंगरातली शाळा दहावीपर्यंतच होती. गोंडांच्या, कोरकूंच्या हुशार पोरी वसतिगृहात राहून दहावी व्हायच्या, आणि पुढे काही सोय नाही म्हणून घरी परत जायच्या. वर्षाच्या आत लग्न. "पाणी काढायला विहीर खोदली, अन् दोर दिला अर्धा," असं त्या चिडून म्हणायच्या. शेवटी एका जूनमध्ये त्यांनी कुणालाही न विचारता तीन पोरी भोपाळला आणल्या आणि आपल्याच क्वार्टरमध्ये ठेवल्या. दोन खोल्या, त्यात एक उपासनेची. पोरी रात्री बाकं भिंतीला लावून त्याच खोलीत झोपायच्या. त्यांतली सुमरती सगळ्यांत लहानखुरी. नर्स व्हायचं हे तिनं गावाहून निघतानाच ठरवलेलं. मार्थाबाईंचा पांढरा गणवेश वाळत घातला की ती त्याच्याभोवती उगाच एक चक्कर मारून यायची.

हिवाळ्यात त्यांचे बिशपसाहेब भोपाळला आले. बिशप म्हटल्यावर मी मोटार, जांभळा झगा असं काहीबाही मनात आणून पडद्याआडून बघत होते. आले ते बसनं, खांद्याला झोळी, आणि चपलेचा अंगठा नव्यानं शिवलेला. मार्थाबाईंनी व्हरांड्यात चहा दिला आणि कप हातात पडायच्या आत विषय काढला. मधली भिंत कमरेएवढी, त्यामुळे मला कान द्यावे लागले नाहीत.

"इथं मुलींचं वसतिगृह पायजे साहेब."

"मार्था, आपलं काम खेड्यात आहे. भोपाळ आपलं क्षेत्र नाही. दवाखान्याचं छत गळतंय, ते आधी की हे आधी?"

"छत बी करा. मी कुठी नाही म्हणून राहिली?"

"बांधकामाला मंडळीजवळ काही नाही, तुला ठाऊक आहे."

"मी बांधकाम नाही मागत. तुम्ही फक्त हो म्हणा. म्हणजे हे मार्थाचं खूळ नाही, मंडळीचं काम हाय, एवढं लोकाईले समजन."

साहेबांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कुठे ठेवणार आहेस त्यांना, ते आधी दाखव. मग हो म्हणतो." फार सज्जन माणूस. पण मार्थाबाई त्या दिवशी त्यांच्यावर मनापासून चिडल्या होत्या, कारण दाखवायला त्यांच्याजवळ ती दोन खोल्यांची जागाच होती.

आणि पुढच्याच महिन्यात तीही गेली. आमच्या ओळीतून कुणीतरी तक्रार केली की सिस्टर क्वार्टरमध्ये वसतिगृह चालवतात. कुणी केली ते मला माहीत आहे. ते गृहस्थ आता नाहीत, आणि त्यांच्याच घरी पुढे एक मुलगी दोन वर्षं राहून गेली, तेव्हा नाव कशाला घ्या. क्वार्टरांची देखरेख करणारे साहेब येऊन सांगून गेले: घरी पाहुणा चालेल, वसतिगृह चालणार नाही, महिनाअखेर मुली हलवा. पोरींची परीक्षा तोंडावर आलेली. मार्थाबाई आनंद नगरात खोल्या पाहत फिरल्या. पण शिकणाऱ्या आदिवासी पोरी, त्यातून ख्रिस्ती, म्हटलं की घरमालकांच्या खोल्या अचानक पुतण्यासाठी राखीव निघत. एक घरमालक तयार झाला, पण त्याला बरंच भाडं आगाऊ हवं होतं. मग सगळी आशा कापणीच्या सणावर येऊन ठेपली.

हा त्यांचा सण मोठा गोड. ज्याच्या अंगणात जे पिकतं ते तो उपासनेला आणतो. कोंबड्या, पपया, मेथीच्या जुड्या, कुणी पिकवत नसेल तर घरचा केक. उपासना झाली की त्या साऱ्याचा लिलाव होतो, आणि ते पैसे मंडळीच्या कामाला जातात. त्या वर्षीचे या खोलीसाठी जायचे होते. जागा लहान म्हणून वसाहतीच्या शाळेचा एक वर्ग मिळवला होता. मी बाळाच्या तापामुळे गेले नाही. हे गेले. "भाऊ, या ना गाणं ऐकायले," असं मार्थाबाईंनी आग्रहानं सांगितलं होतं.

आमचे हे म्हणजे आठवड्याच्या बाजारातून जिंकून येणारा माणूस. घासाघीस करून दुधी आणला तरी चेहरा किल्ला सर केल्याचा. दुपारी हे घरी आले ते खांद्यावर एक प्रचंड लाल भोपळा घेऊन.

"काय भोपळा आहे बघ! आणि लोकांना किंमतच नाही. मी बोली लावली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उचलला आणि आलो."

सासूबाईंनी विळी घेतलीच. त्या दिवशी आमच्याकडे भोपळ्याचं भरीत झालं, भाजी झाली, आणि संध्याकाळी घारगे. गरम घारग्यांची ताटली झाकून मी कौतुकानं मार्थाबाईंकडे गेले.

"अगं, कशाचे हायत?"

"तुमच्याच भोपळ्याचे!"

मार्थाबाई उंबऱ्यावर बसल्याच. आधी नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसायला लागल्या की आतून तिन्ही पोरी धावत आल्या. हसता हसता त्यांनी मला सगळं सांगितलं. लिलावातली शेवटची आणि सगळ्यांत मोठी वस्तू कधी कुणी घरी नेत नाही. बोली जिंकायची, पैसे द्यायचे, आणि वस्तू परत टेबलावर ठेवायची. मग दुसरा जिंकतो, तोही परत ठेवतो. अशी ती वस्तू साऱ्या वर्गातून फिरते. एकटा कुणी फार देऊ शकत नाही, पण फिरता फिरता होतं पुरेसं. भाऊंनी पहिलीच बोली जिंकली, टाळ्या घेतल्या आणि भोपळा खांद्यावर टाकून दाराबाहेर पडले. लोकांना वाटलं, दारातल्या लोकांना दाखवून परत येतील. "पास्टरसाहेब हातात घंटी धरून उभेच. कोणी म्हणे येईन, थांबा. मंग खिडकीतून पाहिलं तं भाऊ पार वळणावर!"

हसू ओसरलं तेव्हा त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि ते पुसणं जरा लांबलं. मी विचारलं, "मग खोलीचं?"

"नाही झालं," त्या म्हणाल्या. पाठीमागे सुमरती उभी होती. तिच्या हातात घारगा होता आणि तो तिनं अजून तोंडात घातला नव्हता.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ह्यांचा चेहरा बघवेना. दिवसभर जिंकलेला माणूस एकदम शाळेत बाकावर उभा केल्यासारखा झाला. "मी उद्याच पास्टरांना पैसे देऊन येतो," म्हणाले.

सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पैशांचं काय घेऊन बसलास? देवापुढचं ताट आपण उचलून आणलं आणि वर ढेकर दिली. उचललेलं परत जागेवर ठेवायला हवं."

"भोपळा कसा परत ठेवू, आई? खाल्ला ना आपण!"

"तेच बघते आहे मी," असं म्हणून त्यांनी वाती बाजूला ठेवल्या.

सासूबाईंचं करट त्या दिवसांत पुन्हा उठलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मार्थाबाई ड्यूटीवर जाताना ड्रेसिंगला आल्या. सासूबाई पाठ वळवून पाटावर बसल्या होत्या, आणि तशा पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं, "मार्थाबाई, स्पष्ट विचारते. तुम्ही लोक पोरींना बाटवायला आणता का हो?"

मार्थाबाईंचा हात थांबला नाही.

"आई, या तिघी जन्माच्याच आमच्या मंडळीतल्या. बाकीचं म्हणान तं, मी देवाचं सांगते. लपवत नाही. विचारलं तं तुमाले बी सांगीन. पण धर्म काही इंजेक्शन नाही, धरून टोचायले. अन् टोचला तं उतरते बी." त्यांनी पट्टी चिकटवली. "झालं. आता दोन दिवस पाणी नका लावू."

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "ती बारकी पोर, सुमरती. ती आमच्याकडे राहू दे. घरी पाहुणा चालतो ना? मग माझी पाहुणी."

मार्थाबाईंच्या हातातून कात्री खाली पडली. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही त्या रडल्या नाहीत. कात्री उचलून त्यांनी दोनदा पुसली आणि म्हणाल्या, "हे तं मुठीचंच झालं वं माय. मी पोतं शोधून राहिली होती."

त्या दिवशी ड्यूटी संपताच त्या घरोघर गेल्या. दुसरी मुलगी आंध्रातल्या कुटुंबात गेली, तिसरी रांचीकडच्या फिटरच्या घरी. एका घरी एक. वसतिगृह कुठेच नव्हतं आणि साऱ्या वसाहतभर होतं. महिनाअखेर देखरेखवाले साहेब आले. मार्थाबाईंकडे कुणी नव्हतं. आमच्या व्हरांड्यात सुमरती अभ्यास करत बसलेली.

"ये कौन?"

"आमची पाहुणी," ह्यांनी छाती काढून सांगितलं.

"कितने दिन?"

"शिक्षण होईपर्यंत."

साहेबही हसले. नियमात पाहुण्यानं किती राहावं हे लिहिलेलं नव्हतं. बिशपसाहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा मार्थाबाईंनी त्यांना झोळीसकट घराघरांतून फिरवलं आणि प्रत्येक दारात थांबून सांगितलं, "हे पाहा वसतिगृह." आमच्या सासूबाईंनी त्यांना घारगे दिले. ते "हो" म्हणाले.

सासूबाईंचं सोवळं कडक. पहिल्या दिवशी त्यांनी सुमरतीसाठी वेगळा पेला काढला. मला शरम वाटली, पण बोलायची हिंमत झाली नाही. आठवडाभरात मात्र तो पेला कुठला हे कुणालाच आठवेना, सासूबाईंनाही. संध्याकाळी इकडे त्या देवापुढे निरांजन लावत, तिकडे सुमरती मागच्या पायरीवर डोळे मिटून प्रार्थना करी, आणि दोघींचं आटोपेपर्यंत घरात रेडिओ लावायची कुणाची टाप नव्हती. ह्यांनी त्या भोपळ्याच्या बिया राखेत घोळून ठेवल्या होत्या. त्या मागच्या अंगणात लावल्या. दरवर्षी एक भोपळा कापणीच्या सणाला आमच्याकडून जाऊ लागला. हे तो स्वतः खांद्यावरून नेत, आणि ते वर्गात शिरले की एक तरी जण ओरडे, "दरवाजा बंद करो!"

किती मुली अशा येऊन शिकून गेल्या, ते मी मोजलं नाही. मार्थाबाईंनीही मोजलं नव्हतं. मूठ मोजून घातली तर ती मूठ कसली, असं त्या म्हणत. निवृत्त झाल्यावर त्या डोंगरातल्या दवाखान्यात परत गेल्या. भोपाळला त्यांना घर मिळालं असतं, मी किती सांगितलं. म्हणाल्या, "आता तिकडची मूठ भरायची राहिली." स्टेशनवर मी रडले, त्यांनी मला रडू दिलं, आणि गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडून ह्यांना सांगितलं, "भाऊ, भोपळ्याले पाणी घाला!"

त्या गेल्या ती बातमी सुमरतीनं फोनवरून दिली. ती आता त्याच दवाखान्यात सगळ्या नर्सांची मुख्य आहे. म्हणाली, आदल्या दिवशीपर्यंत वॉर्डात फिरत होत्या, आणि दुपारी जरा पडते म्हणून पडल्या त्या उठल्या नाहीत. मला फार एकटं वाटलं. सासूबाई केव्हाच गेल्या होत्या. हेही गेले होते. मी भोपाळातच बिट्टन मार्केटजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते आणि मुलगा रोज फोन करत होता, "आई, पुण्याला ये आता. तिथे तुझं काय उरलंय?" खोकी आणून ठेवली होती.

त्यानंतरच्या कापणीच्या सणाला सुमरतीनं बोलावलं म्हणून मी गेले. आता त्यांचं स्वतःचं छोटं देऊळ आहे. चार भाषांत गाणं झालं. मी सोबत आणलेला भोपळा बाजारातला होता, गच्चीवरच्या कुंडीत काही तो येईना. शेवटी त्याची बोली निघाली. मी हात वर केला, टाळ्या झाल्या. मी उठले, दोन्ही हातांनी भोपळा उचलला, आणि जड होता तरी तो नीट परत टेबलावर ठेवला. मागे कुणीतरी म्हातारं माणूस हुंदका देऊन हसलं. त्याला दरवाजा आठवला असणार.

बाहेर सुमरती एका मुलीला घेऊन उभी होती. दहावी झालेली, लहानखुरी, पायात नव्या चपला. सुमरतीनं काही न विचारताच तिची पिशवी माझ्या हातात दिली. हे ती कुणाकडून शिकली, ते मला ठाऊक होतं.

"चल," मी त्या मुलीला म्हटलं.

संध्याकाळी मुलाला फोन करून सांगितलं, पोरगी अकरावीला आहे, आता दोन वर्षं काही माझं येणं व्हायचं नाही. तो "कुठली पोरगी?" असं विचारत होता तेवढ्यात मी स्वयंपाकघरात पाहिलं. तिनं तांदूळ मोजून पातेल्यात घेतले होते. नळाखाली नेता नेता ती थांबली, एक मूठ परत काढली, आणि ओट्याखाली वाकून बघू लागली.

"आजी," तिनं मूठ तशीच धरून विचारलं, "डब्बा किधर है?"